'पोल्युशन' म्हणजे नेमका कोणाचा विटाळ?

'पोल्युशन' हा इंग्रजी शब्द आज शाळकरी पोरालाही माहीत आहे. गाडीची पीयूसी, कारखान्याचा धूर, नदीत सोडलेले गटार. परंतु या शब्दाचा जन्म धुरातून झालेला नाही. मळवणे, बाटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला. चौदाव्या शतकात इंग्रजीत उतरला तेव्हा त्याचा अर्थ होता धार्मिक अपवित्रता. आमच्या वऱ्हाडी बोलीत सांगायचे तर इटाळ! पुढे कारखान्यांच्या घाणीने इंग्लंडच्या नद्या नासल्या, १८७६ साली तेथे नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला आणि हा शब्द हळूहळू पाद्र्याच्या हातून सुटून प्रयोगशाळेत गेला.

आपल्याकडे काय झाले? 'प्रदूषण' या शब्दात 'दुष्' हा धातू आहे. त्याच धातूचा 'वर्णदूषक' हा शब्द मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात येतो. तेथे दूषित होतो तो वर्ण, आणि दूषित करणारे म्हणून दाखवली आहेत ती वर्णसंकरातून जन्मलेली माणसे. इंग्रजीत एकाच शब्दाने जुना अर्थ मागे टाकला. आपण मात्र दोन शब्द ठेवले. प्रदूषण सरकारी कागदावर चढले आणि विटाळ गावाच्या विहिरीवर तसाच बसून राहिला.

बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात यातला भेद वकिली काटेकोरपणे मांडला आहे. जन्म, मृत्यू, रजस्वला यांचा विटाळ अनेक आदिम समाजांत होता. पण तो तात्पुरता, शुद्धी केली की संपणारा. अस्पृश्यता मात्र जन्माची, पिढीजात आणि कोणत्याही पाण्याने न धुतली जाणारी.

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून 'शुद्धी' केली. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ मधील व्याख्या काढून वाचा. पाण्याचे भौतिक, रासायनिक वा जैविक गुणधर्म बदलून ते आरोग्यास अपायकारक करणे म्हणजे प्रदूषण. आता सांगा, महाडचे तळे कोणी बाटवले? प्रकरण कोर्टात गेले, दहा वर्षे चालले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने सनातन्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासून होती, हे त्यांना सिद्ध करता आले नाही.

हे जुने झाले म्हणणाऱ्यांनी आमच्या वाशिम जिल्ह्यात यावे. मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वर येथे २०१६ च्या दुष्काळात एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेले, अपमान झाला. त्या बांधवाने मालेगावहून अवजारे आणली. रोजची मजुरी करून उरलेल्या वेळात, रोज सहा तास, एकट्याने खोदत राहिला. चाळीस दिवसांनी पाणी लागले आणि सारी वस्ती ते भरू लागली. वर्तमानपत्रांनी त्याच्या जिद्दीचे भरभरून कौतुक केले. अपमान करणाऱ्याचे नाव त्याने सांगितले नाही, गावात रक्तपात नको म्हणून. त्याचा संयम मोठा आहे. पण ज्या गावात पीडितालाच शांतता सांभाळावी लागते, त्या गावाचे कौतुक कशाचे?

त्याच वर्षी २६ जानेवारीपासून अत्याचार प्रतिबंधक कायद्याची दुरुस्ती लागू झाली होती. विहीर, तलाव, नळ इतरांच्या बरोबरीने वापरण्यास अडथळा आणणे हा कलम ३(१) खाली गुन्हा आहे. आपण नेहमी वापरतो ते पाणी घाण करणे हाही गुन्हाच. 'विहीर आमच्या मालकीची' हा बचाव नेहमी ऐकू येतो. जातीवरून अपमानाच्या कलमाला मालकीशी देणेघेणे नाही. घटना लोकांच्या नजरेसमोर घडली, एवढे पाहिले जाते.

अडचण येते ती लिहिण्यात. विहिरीवर 'बाटवलं', 'इटाळ केला' हे शब्द उच्चारले जातात, आणि कागदावर येते 'पाणी भरण्याच्या कारणावरून किरकोळ वाद'. शब्द गेला की कलम गेले. म्हणून बांधवांनो, फिर्याद देताना विहिरीवर जे बोलले गेले ते त्याच बोलीत, जसेच्या तसे लिहून घ्यायला लावा. कोण हजर होते त्यांची नावे घाला. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका आणि प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. ती विनामूल्य मिळते.