संरक्षित स्थळांजवळील मोठ्या पाट्या व नियमांतील सूट

जुन्नर प्रांतांतील लेणीं पाहण्यास निघालेला संशोधक आळेफाट्यावर उतरला म्हणजे त्यास प्रथम जें वाचावें लागतें तो शिलालेख नसतो. पुणें-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर हे दोन राष्ट्रीय महामार्ग येथें एकमेकांस छेदतात, आणि चौकाच्या चारी अंगांस भोजनालयें, मोटारींचीं दुकानें, शिकवण्या व पतसंस्था यांच्या पाट्या घरांच्या माथ्यांवर चढल्या आहेत. शेजारच्या आळें गांवीं, ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले त्या रेड्याची समाधि आहे. इतक्या पाट्या असून तिकडची वाट आम्हांस विचारूनच काढावी लागली. हा विषय त्रैमासिकाच्या कक्षेंत कसा येतो, अशी शंका वाचकांस येईल. परंतु ज्या भिंतींवर व ज्या शिळांजवळ आपलें वाचनाचें काम चालतें, त्यांच्याच अंगावर ह्या पाट्या येऊं लागल्या आहेत. सबब नियम काय सांगतो व त्यांत सूट कोठवर मिळते, हें आपण समजून घेतलें पाहिजे.

वाटेवर नांव लावण्याची हौस या प्रांतांत नवी नाहीं. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजकुळांतील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्यांचे केवळ पायांचे अवशेष उरले आहेत, आणि त्या कोणाच्या हें कळतें तें वर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांवरून. जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दिल्याचा लेख आहे. इरिल नामक यवनानें दोन टांकीं दिलीं, त्याचाही आहे. धान्यवाले तर उघडच व्यापारी. तथापि त्यांची अक्षरें जवळ गेल्यावांचून दिसत नाहींत. टांक्याशीं पाणी प्यावयास थांबलेल्या माणसास वाचतां यावीं, एवढाच त्यांचा आकार. आजची पाटी न थांबणाऱ्या माणसाकरितां असते. मोटारीचा वेग वाढला तसें अक्षर वाढलें, हें तिच्या अवाढव्यपणाचें खरें कारण होय.

आतां कायद्याकडे वळूं. शिवनेरी, लेण्याद्रि इत्यादि स्थळें केंद्र सरकारच्या संरक्षणाखालीं असून त्यांस १९५८ चा प्राचीन स्मारकांसंबंधींचा कायदा लागू आहे. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेनें संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा टापू निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरांचा नियंत्रित ठरला. अंतर मोजावयाचें तें हद्दीपासून, शिलालेखापासून नव्हे. हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

सुटीचा इतिहास येथूनच सुरू होतो. २००६ सालीं एक तज्ज्ञ समिति नेमली गेली व तिच्या शिफारसीवरून निषिद्ध टापूंतही बांधकामास परवानग्या मिळूं लागल्या. ३० ऑक्टोबर २००९ रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें अशा परवानग्यांस कायद्याचा आधार नसल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०१० च्या दुरुस्तीनें दोन्ही टापू खुद्द कायद्यांतच लिहिले गेले. पूर्वीच्या परवानग्या वैध मानण्यांत आल्या, पण पुढें निषिद्ध टापूंत नवें बांधकाम मुळींच नाहीं. जुन्या इमारतीची दुरुस्ती तेवढी परवानगीनें करतां येते. नियंत्रित टापूंत मात्र राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस व सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन बांधतां येतें. म्हणजे विवेकानें द्यावयाच्या सुटीस जागा आहे ती या २०० मीटरांतच.

मग पाटी हें बांधकाम आहे काय? कायद्यांतील व्याख्येप्रमाणें कोणतीही संरचना उभी करणें म्हणजे बांधकाम, व वाढीव भाग उभा असो वा आडवा, तोही त्यांतच येतो. लोखंडी खांब पुरून उभारलेला फलक या व्याख्येंत येतो असें आमचें मत आहे. भिंतीवर रंगानें लिहिलेलें नांव येत नाहीं. खिळ्यांनीं ठोकलेली पाटी या दोहोंमध्यें लोंबकळत राहते, आणि आम्हांस सर्वांत भय आहे तें तिचेंच. प्राधिकरणानें निरनिराळ्या स्मारकांकरितां सिद्ध केलेल्या उपविधींत ही उणीव बरीचशी भरून काढलेली दिसते. त्यांत जाहिरातींच्या फलकांस मज्जाव, प्लास्टिकच्या व विजेवर चालणाऱ्या पाट्यांस मनाई, आणि जत्रेसारख्या प्रसंगीं लावलेलें कापड तीन दिवसांहून अधिक ठेवूं नये, अशीं कलमें आढळतात. शिवनेरीचा समावेश ११ जुलै २०२५ रोजीं जागतिक वारशांत झाल्यापासून गडाच्या पायथ्याशीं येणारी वर्दळ पाहतां अशा कलमांची निकड वाढली आहे.

राज्याच्या दुकानविषयक कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन मराठी अक्षर इतर लिपींहून लहान नसावें असें ठरलें. मद्याच्या दुकानास गडाचें नांव देण्यासही तींत बंदी आहे. दोन्ही गोष्टी आम्हांस इष्टच वाटतात. पण हें प्रमाण अक्षरांचें परस्परांशीं आहे, पाटीचें इमारतीशीं नव्हे. मर्यादा असूनही ती न पाळल्यास काय घडतें तें १३ मे २०२४ रोजीं घाटकोपरास दिसलें. ४० फुटांची मर्यादा असतां १२० फुटांचा फलक उभारला गेला होता, तो वादळांत कोसळून १७ माणसें दगावलीं.

तीन शें मीटरांच्या बाहेर जुन्या पेठा, वाडे, वेशी आहेत व त्यांस वरील कायदा पोहोंचत नाहीं. अशा ठिकाणीं काय करतां येतें याचें उदाहरण मुंबईंत आहे. पूर्वीचा हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, दगडी कमानींच्या सलग ओसरीकरितां प्रसिद्ध. दुकानदारांच्या पाट्यांनीं ह्या कमानी झांकून टाकल्या होत्या. १९९५ सालीं मुंबईकरितां वारसा-नियमावली झाली, व पुढें वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनीं या मार्गाकरितां पाट्यांचे नियम आंखले. सारांश इतकाच कीं, पाटी कमानीच्या पोकळींत मावावी, दगडावर येऊं नये. आम्हांस यांत विशेष वाटतें तें असें कीं, माप फुटांत न सांगतां इमारतीच्या अंगावरून घेतलें आहे. त्यामुळें सूट मागणाऱ्यास आपली पाटी किती मोठी हें सांगून भागत नाहीं, ती काय झांकते तें सांगावें लागतें. दुकानदारांस विश्वासांत घेऊन हें काम झालें, आणि २००४ सालीं युनेस्कोनेंही त्याची दखल घेतली. जुन्या गांवांच्या ग्रामपंचायतींस व नगरपरिषदांस हें तत्त्व उचलण्यास खर्च कांहींच नाहीं.

आमचा एक अनुभव नमूद करतों. या प्रांतांतील एका पेठेंत, दुकानाची पाटी नवी करावयास उतरविली असतां, मागच्या चौकटीच्या गणेशपट्टीवर बाळबोध अक्षरें दिसलीं. मालकांनीं मोठ्या सौजन्यानें शिडी दिली. ‘शके १६’ इतकें स्पष्ट लागलें. पुढचे दोन अंक होते तेथें पाटीचा खिळा आरपार गेला होता. त्यांतील पहिल्या अंकाची खालची वेलांटी शिल्लक आहे, ती नवाची किंवा सहाची असावी. मालकांस खिळे दोन बोटें वर घेण्याची विनंति आम्हीं केली व ती त्यांनीं मान्य केली. ठसा आमच्यापाशीं आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांस दाखवूं.