कुलवृत्तान्त आणि आधारनिर्देश

कुलवृत्तान्ताची प्रतिष्ठा त्यातील नावांच्या संख्येवर नव्हे, तर प्रत्येक नावामागील आधारावर अवलंबून असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेच उदाहरण घ्यावे. यात्रेकरूने स्वहस्ते लिहिलेला लेख त्याच्या आगमनाचा प्रत्यक्ष पुरावा होय. त्याच लेखातील पणजोबाचे नाव मात्र बहुधा ऐकीव स्मृतीच ठरते. म्हणून 'नाशिकची वही' एवढा उल्लेख पुरेसा नाही. वही कोणाकडील, लेख कोणाचा, मिती कोणती, मूळ लेख पाहिला की नक्कल, हे सांगणे अवश्य आहे. शकाचा मूळ आकडाही राखावा. शके १७०० म्हणजे इ. स. १७७८-७९, सरसकट ७८ मिळविल्यास माघ-फाल्गुनातील जन्म एक वर्ष मागे जातो. आधार न सांगणारी वंशावळ पुढील पिढीला तपासता येत नाही; ती केवळ मानावी लागते.