सीआयओ आणि बीआरएम: दोघंही आयटीतले ‘साहेब’, पण दंड कोणाला बसतो?

एप्रिल २०१८. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेनं एका वीकेंडला ५० लाखांहून जास्त ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टीमवर हलवला. डेटा नीट गेला, पण सिस्टीमनं मान टाकली. लोकांना लॉगिन होईना, काहींना तर दुसऱ्याचीच खाती दिसायला लागली. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला.

यासाठी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. पण खरी गोष्ट पुढे आहे. एप्रिल २०२३ मध्ये आणखी एक दंड लागला, ८१,६२० पौंडांचा. तो बँकेला नाही, एका माणसाला लागला. कार्लोस अबार्का, बँकेचे तेव्हाचे सीआयओ.

सीआयओ म्हणजे चीफ इन्फर्मेशन ऑफिसर. कंपनीच्या आयटीचं बजेट, माणसं, सुरक्षा, बाहेरचे व्हेंडर, सगळं याच्या अंगावर. टीएसबीची नवी सिस्टीम बांधली आणि चालवली साबिस या ग्रुपमधल्याच कंपनीनं, आणि साबिसनं पुढे ८५ कंपन्यांना कामं वाटलेली. साबिसनं ‘आम्ही तयार आहोत’ असं कळवलं. नियामकाचं म्हणणं होतं की, ती तयारी खरंच आहे का याची पुरेशी खात्री अबार्कांनी करून घेतली नाही. म्हणजे काम दुसऱ्याकडे दिलं तरी जबाबदारी देता येत नाही.

मग बीआरएम कोण? बिझनेस रिलेशनशिप मॅनेजर. (एफडी काढा म्हणून फोन करतो तो रिलेशनशिप मॅनेजर वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) हा कंपनीच्या आतच आयटी आणि बाकीच्या विभागांच्या मध्ये बसतो. समजा, कर्ज विभागानं नवीन ॲप मागितलं. चांगला बीआरएम आधी विचारणार, अडचण काय आहे? मग कळतं, कागदपत्रं दोनदा तपासली जातात म्हणून अर्ज रखडतात. ॲपची गरजच नाही, एक तपासणी कमी केली तरी भागतं. काम झाल्यावर ठरलेला फायदा मिळाला का, हेही त्यानंच बघायचं.

आयटी सेवांच्या ‘आयटिल’ या चौकटीत हे काम २०११ च्या आवृत्तीत स्वतंत्र प्रक्रिया म्हणून आलं. बहुतेक ठिकाणी बीआरएम सीआयओच्याच हाताखाली असतो. त्याचं वजन शब्दाला असतं, सहीला नाही. माझ्या मते गडबड होते ती इथेच. अनेक ठिकाणी बीआरएमचा नुसता पोस्टमन होतो, मागण्या इकडून तिकडे पोचवणारा.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेत आयटीचा प्रमुख पुरेसा वरिष्ठ आणि तांत्रिकदृष्ट्या सक्षम असावा लागतो. बीआरएमचं पद ठेवायचं की नाही, हे मात्र ज्या त्या कंपनीनं ठरवायचं.

त्यामुळे हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीची ‘सीनियर बीआरएम’ची जाहिरात दिसली, तर इंटरव्ह्यूत दोन गोष्टी विचारा. बजेटवर सही कोणाची? आणि रात्री दोनला सिस्टीम पडली, तर पहिला फोन कोणाला जातो?