जायफळ श्रीखंडातच बरं!

हॅरिस पार्कमध्ये आता काय मिळत नाही? हळद, बेसन, मुलतानी माती, अख्खं जायफळ, सारं हाताशी! त्यामुळे घरातल्या मुलामुलींना पंधराव्या वर्षी मुरुमं आली, की सल्ला पुण्याहून फोनवर येतो आणि सामान तासाभरात घरी. "उष्णता झालीय गं, जायफळ दुधात उगाळून लाव!"

आम्ही पडलो इंजिनिअर. डॉक्टर नव्हे, पण आकडे आम्हांला कळतात. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या ग्रंथी जादा तेल बनवतात, रंध्रं मृत पेशींनी बुजतात, आत जंतू वाढतात आणि सूज येते. हे सगळं कातडीच्या आत घडतं. वरून घासून ते निघत नाही, उलट चिडतं.

लिंबाचंच घ्या. निरोगी त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोनाच्या. हे मोजमाप पायरीला दहापट वाढतं, म्हणजे आम्लता हजारपट! खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाला, आठाच्या वर. शिवाय कागदी लिंबू लावून उन्हात गेलं, तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. आणि सिडनीचा उन्हाळा म्हणजे अतिनील निर्देशांक 11 च्याही वर. टूथपेस्टनेही त्वचेची आग होते. आपल्या सावळ्या त्वचेवर अशा प्रत्येक जळजळीचा काळा डाग महिनोन्महिने राहतो. बेसनाने फारसं बिघडत नाही, पण मुरूमही जात नाही.

खरी भीती आहे ती भारतातून सुटकेसमधून येणाऱ्या ट्यूबची. गोरेपणाच्या नावाखाली तिच्यात बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असू शकतं. आठवडाभर चेहरा छान दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नवे मुरूम येतात आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो. अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम भारत सरकारला 2018 साली करावा लागला. तेव्हा मंडळी, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचाच.

मग करायचं काय? सौम्य साबणाने दिवसातून दोनदा चेहरा धुवावा. इथल्या फार्मसीत बेन्झॉइल पेरॉक्साइड चिठ्ठीशिवाय मिळतं. अडीच टक्क्यांपासून सुरुवात करावी. (टॉवेल पांढरा घ्या, रंगीत असला तर त्याचा रंग उडतो!) गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, चार दिवसांत नाद सोडू नये. गाठी दुखत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर मात्र वाट न पाहता जीपीकडे जावं. मुरूम बरे होतात, खड्डे सहसा जन्मभर राहतात.

आणि एक विनंती. कार्यक्रमाला आलेल्या पोरांना चारचौघांत "हे काय झालं तोंडाला?" असं विचारू नका. आरसा त्यांच्याही घरी आहे. आजींना प्रेमाने सांगा, जायफळ श्रीखंडात घाला, आम्ही सगळे जेवायला येतो!