फोडणीतलं नव्हे ते जिरं

पावसाळ्याचे तीन महिने खपून माझ्या हाती काय आलं, तर दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद एक लोखंडी तुकडा. गरम भांड्याखाली ठेवायला बरा आहे, असं घरचं मत पडलं. त्यात २३० कड्या आहेत. प्रत्येक कडी दुसऱ्या चार कड्यांत अडकलेली आणि प्रत्येकीच्या जोडावर टाचणीच्या डोक्याएवढा एक खिळा. वजन साठ-पासष्ट ग्रॅम. अख्खं चिलखत करायचं तर अशा पंचवीस हजारांच्या आसपास कड्या लागतील. हात बसल्यावर मी तासाला पंधरा कड्यांपर्यंत पोचलो होतो. रोज दोन तास काढले तरी सव्वादोन वर्षं. हा हिशेब मी घरात अजून सांगितलेला नाही.

आमचं करंजा उरणच्या टोकाला, द्रोणागिरीच्या पायथ्याशी. जुन्या कागदांत उरण हा पनवेलचाच भाग. पोर्तुगीज तर सगळ्या बेटालाच करंजा म्हणत. साष्टीबरोबर हे बेट १७७४ च्या मोहिमेत इंग्रजांच्या हाती गेलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिलं. तलवारी इथे पुष्कळ चमकल्या असतील. माझा तुकडा मात्र मागच्या पडवीत, आईच्या जुन्या उखळाच्या उलट्या बुडावर ठेवलेल्या ऐरणीवर झाला. आयुष्यभर फिटरचं काम केलं, हाताला व्हाइस आणि कानस लागते, म्हणून हे धाडस.

मुळात हे डोक्यात शिरलं एका शब्दामुळे. जिरेटोप. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरांच्या डोक्यावर जो बसवतात, त्याला आपण बिनदिक्कत जिरेटोप म्हणतो. तो असतो कापडाचा, पुठ्ठ्याचा, फार तर वर मोत्यांची सर. त्यात जिरं कुठे आहे? हे जिरं फोडणीतलं नव्हे. फारसीत ‘जिरह’ म्हणजे लोखंडी कड्यांचं विणकाम. ज्या टोपाला अशा कड्यांची झालर असते, जी कानांवरून मानेवर उतरते, तो जिरेटोप. जिरं गळून पडलं, टोप उरला, आणि नाव तसंच चालू राहिलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी अफझलखानाच्या अंगरक्षकाचं काम केलं होतं, तेव्हा मला लोकरीचा ढगळ स्वेटर चंदेरी रंग फासून घालायला दिला होता. घामाने तो रंग मानेला लागला आणि आठवडाभर निघाला नाही. माझं पहिलं चिलखत ते.

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाखाली शामियान्यात महाराज गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून, हे आपल्याकडे लहान पोरही सांगतं. खानाने मिठीत दाबून कुशीत कट्यार चालवली आणि ती चिलखतावरून खरखरत गेली, हेही. पुढची गोष्ट वाघनखांची. सगळी गर्दी तिकडेच होते. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हाही तसंच झालं. ती त्याच दिवशीची आहेत असं छातीठोक सांगता येत नाही, हे खुद्द त्या लंडनच्या संग्रहालयानेच मान्य केलेलं आहे, तरी गर्दी. माझी तक्रार वाघनखांशी नाही. पण त्या शामियान्यात पहिला वार झेलला तो चिलखताने. ते निसटतं तर वाघनखं चालायची वेळच आली नसती. तलवारीला आपण भवानी म्हणतो, तिच्यावर पोवाडे गातो. चिलखताला नाव नाही. ज्याने त्याची एक-एक कडी वळवली त्याला तर नाहीच नाही.

आता कडी. बांधकामावर सळया बांधायला जी काळी तार वापरतात, ती अठरा गेजची, म्हणजे सव्वा मिलिमीटरला जरा कमी. ती आधीच मऊ केलेली असते, त्यामुळे मला जंतरातून तार ओढण्याचा खटाटोप वाचला. जुन्या कारागिराला तो चुकत नव्हता. पोलादी पट्टीच्या लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढायची, मध्येमध्ये तापवून मऊ करायची, पुन्हा ओढायची. सोनार आजही हेच करतो. सुरुवातीला मी शहाणपणा करून जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत तार आणली होती, गंजणार नाही म्हणून. ती शेगडीत लाल केली तेव्हा पिवळट-पांढरा धूर निघाला आणि रात्री थंडी वाजून ताप आला. जस्ताच्या धुराने असा ताप येतो, हे मला, चाळीस वर्षं धातूत काढलेल्या माणसाला, ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही.

काळी तार दहा मिलिमीटरच्या गुळगुळीत सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची. ती स्प्रिंग कटरने कापत गेलं की कड्यांचा ढीग पडतो. मग प्रत्येक कडीची दोन टोकं एकमेकांवर चढतील एवढी ती दाबून लहान करायची. जुन्या डालडाच्या डब्यात भरून निखाऱ्यात लाल होऊ द्यायची आणि राखेत हळूहळू निवू द्यायची. पाण्यात टाकायची घाई करू नये. आता ऐरणीवर जोड ठेवून हातोड्याचा एक घाव. एकच. दोन घातले तर जोड पत्र्यासारखा पातळ होतो आणि कडेने फाटतो. अर्धा घातला तर टोकं एकमेकांवरून घसरतात. हा एक घाव माझ्या हातात बसायला जवळपास शंभर कड्या फुकट गेल्या.

चपट्या जोडात भोक ड्रिलने पाडत नाहीत. टोकदार, पाणी दिलेला पंच ठोकतात. कारण ड्रिल धातू खरवडून काढून टाकतो, पंच तो फक्त बाजूला सारतो. भोकाच्या मागच्या अंगाला त्या सारलेल्या धातूची बारीकशी गळपट्टी उभी राहते आणि तीच पुढे खिळ्याला धरते. एवढी साधी गोष्ट मला वीस-पंचवीस कड्या ड्रिलने बिघडवल्यावर कळली. मग भोक पाडलेली कडी जराशी उघडायची, तिच्यात शेजारच्या चार ओवायच्या, पुन्हा मिटवायची. भोकातून बारीक तारेचा तुकडा घालायचा आणि पकडीने दाबायचा. या पकडीच्या एका जबड्यात मी उथळ खळी पाडून घेतली आहे. दाबलं की त्या खळीत खिळ्याचं डोकं गोल होऊन बसतं. बोटाने चाचपलं तर तांदळाच्या कणीसारखं लागतं.

युरोपातल्या पुढच्या काळातल्या चिलखतांत पाचरीसारखा तिकोनी खिळा दिसतो. आपल्याकडच्या चिलखतांत बहुतेकदा गोल. आपल्याकडची आणखी एक युक्ती म्हणजे एक ओळ खिळ्यांच्या कड्यांची, तर पुढची पत्र्यातून कापून काढलेल्या अखंड कड्यांची. निम्मं खिळवण्याचं काम वाचतं आणि ताकद तसूभर कमी होत नाही. काही हिंदुस्थानी चिलखतांत या अखंड कडीला मधोमध आडवी दांडी ठेवलेली असते, ग्रीक लिपीतल्या थीटा अक्षरासारखी. टोक शिरायला जागाच कमी. मी सगळ्या कड्या खिळवल्या, त्याचं कारण काटेकोरपणा नव्हे. पत्रा कापायला प्रेस नव्हता.

आणि मग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात खिळा गायबच होत जातो. बंदुकीपुढे चिलखताचा उपयोग सरला, दरबारी मिरवण्यापुरतं उरलं, तशी टोकाला टोक नुसतं भिडवलेल्या कड्यांची चिलखतं आली. दिसायला तीच, वजनाला तीच. दोन पकडींनी कुणीही ती कडी उकलू शकतो. संग्रहालयाच्या काचेपुढे उभं राहिलं की मी आता आधी खिळा शोधतो. सापडला तर हे अंगावर घालून कुणीतरी लढायला निघणार होतं. नसला तर मिरवायला.

दख्खनच्या चिलखतांचा माग काढायचा तर बिकानेरला जावं लागतं, ही गंमतच. तिथला राजा अनूपसिंह औरंगजेबाच्या फौजेतून दक्षिणेत लढला. १६८९ मध्ये अदोनीचा किल्ला पडला तेव्हा तिथल्या शस्त्रागारातला ऐवज त्याच्याबरोबर बिकानेरला गेला. त्या शस्त्रांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं आहेत, कुठून आली ते सांगणारी. लुटणाऱ्याने नोंद ठेवली म्हणून कळतं तरी. आपल्या मुलखात जे जिवंत राहिलं ते शिकलगारांमुळे. शिलेखान्यातली हत्यारं घासून-पुसून धार लावून ठेवणारे हे लोक. सातारा-सांगलीकडे ते आडनाव आजही घरोघरी भेटतं, आणि सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे शिकलगार आता-आतापर्यंत दारावर यायचे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी मुद्दाम गेलो. दिनकर गंगाधर केळकर, कवितेत ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर जमवलेला हा पसारा १९७५ मध्ये सरकारच्या स्वाधीन केला, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने. तिथे मगरीच्या कातड्याचं आणि माशाच्या खवल्यांचं चिलखत आहे. करंजाच्या माणसाने त्यापुढून हलू नये असंच ते आहे. खवला हीच तर निसर्गाची कल्पना: एकावर एक चढलेले कडक तुकडे, आणि तरी अंग वळवता येतं. मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचं तर इंग्लंडात लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात हत्तीचं चिलखत आहे. मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याच्या बायकोने ते १८०१ मध्ये तिकडे नेलं. ५,८४० पत्रे शिल्लक आहेत, कड्यांनी एकमेकांना जोडलेले, आणि वजन ११८ किलो. त्या कड्या कुणी बसून मिटवल्या असतील, हे आता मला बोटांनी कळतं.

एकट्याने पडवीत बसून करायचं हे कामच नव्हे. एकाने तार ओढावी, एकाने कापावी, पोरांनी चपटं करावं, ज्याचा हात बसला आहे त्याने खिळवावं, तर कुठे ते पुरं होतं. याच्या जवळचं जिवंत दृश्य मला कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत दिसतं. चांदीच्या पैंजणांचं हे गाव. उंबऱ्याशी बसून बायका बारीक कड्या एकमेकींत अडकवत असतात, बोलता-बोलता, खाली न बघता. तिथे जोड झाळून मिटतो, खिळा नसतो. पण कडीत कडी घालण्याचा तो वेग मला कधी जमणार नाही.

आमच्याकडे जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेर मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, आणि शेजारचे नाखवा त्यांच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेले. माझी ठकठक ऐकून एक दिवस आले. तुकडा हातात घेतला, ताणला, उलटा केला.

“ह्याला गाठच नाय?”

“नाही नाखवा. गाठीऐवजी खिळा.”

“मंग एक तुटली तर?”

“शेजारच्या धरतात.”

“जाळ्यात तसं नाय. एक गाठ सुटली का भोक वाढत जातंय.” तुकडा खाली ठेवून ते म्हणाले, “खाऱ्या वाऱ्याला टिकायचं नाय पण.”

तेही खरंच. एका रात्री तेल लावायला विसरलो. सकाळी दोनशे कड्यांवर तांबडा मोहोर आला होता. चिलखताचं हे दुखणं जुनंच आहे. युरोपात ते वाळूबरोबर पिंपात घालून गडगडवत, कड्या एकमेकींवर घासून गंज निघावा म्हणून. मी प्लॅस्टिकच्या बरणीत रेती आणि तुकडा घालून नातवाला हलवायला दिली. अर्ध्या तासात लख्ख. तो अजून रोज विचारतो, गंजलं का म्हणून.

शेवटची परीक्षा नाखवांच्या समोरच केली. भिजवलेलं गोणपाट चार घड्या करून फळीवर. त्यावर आधी नुसत्या भिडवलेल्या कड्यांची पट्टी. चिलखताच्या आत या गोणपाटासारखंच जाड, कापूस भरलेलं वस्त्र असायचं. ते नसेल तर पातं अडेल, पण हाड मोडेल. नाखवांनी गोण शिवायचं दाभण उचललं आणि दाबलं. दोन कड्या पाकळ्यांसारख्या उघडल्या, दाभण मुठीपर्यंत आत. जिरं फोडायला जुन्या कट्यारींची टोकं मुद्दाम जाड का करत, ते लगेच समजलं. पाचर बसावी तसं टोक कडीत शिरतं आणि तिला उकलतं.

मग माझा तुकडा. नाखवांनी या वेळी हातोडा मागितला. दोन ठोके. दाभणाचं टोक नखभर शिरलं आणि अडकून बसलं. ओढून काढलं तर एक कडी गेली होती. आम्ही दोघांनी ती चष्म्याखाली धरून पाहिली. खिळा जागच्या जागी होता, डोकंसुद्धा तसंच. फाटली होती ती तार, भोकाच्या कडेने. मीच भोक काठाच्या फार जवळ पाडलं होतं.

“दुसरी घाल,” नाखवा म्हणाले, आणि जाळ्याकडे परत गेले. दुसरी घालायला मला चार मिनिटं लागली.