बोट इथे, बोल तिथे

आमचा धाकटा तेव्हा तिसरीत होता. मकतबमधून आला की चटईवर बसून मराठीचा धडा मोठ्याने वाचायचा. कुठे न अडता, अगदी सुरात. आम्ही दोघे आपापल्या कामात असायचो. त्याचा आवाज कानावर पडला की समाधान वाटायचे, मूल अभ्यासाला बसले आहे. दादी मात्र त्याच्या शेजारी बसून असायची. दादीला एकही अक्षर ओळखता येत नाही. एके दिवशी तिनेच आम्हाला हाक मारली.

"इसकी उंगली इधर है, बोल उधर. ये पढता नै, सुनाता है."

आम्ही हसलो. तरी पुस्तक हातात घेतले आणि शाळेत अजून न झालेला धडा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने 'घर' वाचले, 'आई' वाचले. 'दिवस'वर थांबला. मग आमच्या तोंडाकडे पाहू लागला. तीन वर्षे तो धडे ऐकून पाठ करत आला होता. लहान सूरह किती झटपट पाठ करतो म्हणून ज्या स्मरणशक्तीचे आम्ही नातेवाइकांत कौतुक करायचो, तिनेच त्याचे न वाचता येणे झाकून ठेवले होते.

पुढचे आठवडे आमच्याकडून चुकले, हे इथे कबूल केले पाहिजे. थोरली मुलगी पाच वर्षांची असताना दुकानांच्या पाट्या बघत बघत वाचू लागली होती. तिला कुणी शिकवले ते आम्हालाच आठवत नाही. म्हणून वाचणे आपोआप येते, ज्याला येत नाही तो आळशी, असा आमचा समज. "बाजी को देख" हे वाक्य दिवसातून दहा वेळा त्याच्या कानावर पडले. एक-दोनदा हातही उचलला गेला. मग सकाळी शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखू लागले. संध्याकाळी मकतबची वेळ झाली की तो गच्चीवर जाऊन लपू लागला. पुस्तक उघडले की त्याचा चेहरा उतरायचा. वाचन राहिले बाजूला, मूलच आमच्यापासून लांब चालले होते.

नेमके अडते कुठे?

वाट दाखवली ती त्याच्या वर्गशिक्षिकेने. बाई म्हणाल्या, "त्याला वाचता येत नाही, असे म्हणू नका. कुठपर्यंत येते ते आधी पाहू." त्यांनी चार कागद काढले. एकावर सुटी अक्षरे, दुसऱ्यावर सोपे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा उतारा, चौथ्यावर छोटी गोष्ट. मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने ही पद्धत देशभर नेली. 2005 पासून 'असर' सर्वेक्षणात खेड्यापाड्यांतल्या मुलांचे वाचन अशाच पायऱ्यांनी तपासले जाते. त्यामागचा विचार साधा आहे. मूल कोणत्या इयत्तेत आहे यापेक्षा ते कोणत्या पायरीवर उभे आहे हे पाहायचे आणि तिथूनच पुढे न्यायचे.

आमच्या मुलाला अक्षरे येत होती. बिनकान्याचे शब्द येत होते. वेलांटी आली की गाडी थांबायची. बाईंनी कारण समजावले, तेव्हा आम्हालाही पहिल्यांदाच उमगले. 'दि' लिहिताना वेलांटी 'द'च्या आधी दिसते, पण तिचा आवाज 'द'च्या नंतर येतो. डोळ्याला आधी एक भेटते, तोंडाने आधी दुसरेच म्हणायचे. रफाराचे याच्या उलट. 'सूर्य'मधला 'र' बोलताना आधी येतो आणि लिहिताना जाऊन बसतो 'य'च्या डोक्यावर. मोठ्यांना हे दिसतही नाही, इतकी सवय झालेली असते. नवशिक्या मुलासाठी मात्र तो खड्डा आहे.

दुसरी अडचण आपल्या घरांतली आहे. आमच्या घरात दखनी आणि मराठी मिसळून बोलली जाते. घरात 'पानी', शाळेत 'पाणी'. दखनीत 'ळ' नाही. त्यामुळे 'मला' आणि 'मळा', 'काल' आणि 'काळ' यांतला फरक मुलाच्या कानाने कधी नीट धरलेलाच नसतो. जो आवाज कानाला वेगळा वाटत नाही, त्याचे अक्षर लक्षात कसे राहणार? 'च' आणि 'ज' यांचीही तीच गोष्ट. 'चार'मधला 'च' वेगळा, 'चाक'मधला वेगळा. 'जेवण' आणि 'जावई' म्हणून पाहा. अक्षर एक, आवाज दोन. घरी मराठी बोलणारे मूल हे न सांगता शिकते, आपल्या मुलाला ते सांगावे लागते. त्यात बुद्धीचा काही प्रश्न नाही.

कायद्याने दिलेली किल्ली

मराठीत अडणारा हा मुलगा मकतबमध्ये कायदा मात्र बरा वाचत होता, हे आम्हाला कोड्यात टाकायचे. एका जुम्याला त्याच्या उस्तादांना विचारले. ते म्हणाले, "आम्ही हिज्जे करून घेतो. बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु. पाठ करून इथे भागत नाही, प्रत्येक हरफ जोडावाच लागतो."

घरी येताना आमच्या लक्षात आले, की हीच तर बाराखडी! ब ला काना बा, ब ला पहिली वेलांटी बि, ब ला उकार बु. लिपी वेगळी, एक उजवीकडून चालते तर दुसरी डावीकडून, पण काम एकच. खुणेचा आवाज ओळखायचा आणि जोडायचा. मुलाला हे काम एका लिपीत जमत होते, दुसरीत तेच करायचे आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आम्ही मराठीचे 'हिज्जे' सुरू केले. "द ला पहिली वेलांटी दि, मग व, मग स. दिवस." पहिल्या दिवशी त्याने तीन शब्द असे सोडवले आणि चौथा स्वतःहून मागितला.

ज्या घरांत मूल मराठी, इंग्रजी आणि अरबी अशा तीन लिप्या एकाच वेळी शिकते, तिथे आपण ते ओझे मानतो. ते ओझे आहेच. पण एका लिपीत सापडलेली किल्ली दुसऱ्या लिपीचे कुलूप उघडू शकते. त्यासाठी शाळेच्या बाई आणि मकतबचे उस्ताद यांच्यातला दुवा आई-वडिलांनीच व्हायचे असते, कारण त्या दोघांची एरवी भेट होत नाही.

शिक्का मारू नका

हल्ली पालकांच्या बैठकांत एक गोष्ट सर्रास ऐकू येते. अमुक मूल 'डोळ्याने शिकणारे', तमुक 'कानाने शिकणारे', तिसरे 'हाताने शिकणारे', आणि ज्याला त्याला त्याच प्रकारे शिकवावे. ऐकायला पटते. आम्हीही धाकट्याला 'कानाचा मुलगा' ठरवून टाकले होते. पण 2008 मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा अशा प्रकारे वाटून शिकवल्याने मुले अधिक चांगली शिकतात याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. आमचा अनुभवही तोच. कानाचा मुलगा म्हणून नुसते ऐकवत राहिलो असतो, तर तो आणखी चार धडे पाठ करून मोकळा झाला असता. त्याची गरज नेमकी उलटी होती. डोळा, बोट आणि तोंड एकाच अक्षरावर आणायचे होते.

मग मुलाच्या कलाने शिकवायचे म्हणजे काय? आमच्या अनुभवातून आणि बाईंच्या सांगण्यावरून काही गोष्टी मांडतो.

मूल पाठ करून 'वाचत' असेल, तर न झालेला मजकूर द्या. ओळखीच्या धड्यातले शब्द उलटसुलट क्रमाने विचारा.

वेलांटी-उकारावर अडत असेल, तर ताटात रवा पसरून अक्षर बोटाने काढू द्या. काढताना आवाजही म्हणायला लावा.

'ण' आणि 'ळ' निसटत असतील, तर आधी कानाचा खेळ खेळा. 'मला' म्हटले तर एक टाळी, 'मळा' म्हटले तर दोन. पाटी-पेन्सिल नंतर.

सरळ वाचते पण अर्थ सांगता येत नाही, अशा मुलाला परत परत वाचायला लावून उपयोग नाही. त्याच्याशी मराठीत बोला, त्याला गोष्टी वाचून दाखवा, शब्दसाठा वाढवा.

पुस्तकाचाच धसका घेतला असेल, तर काही दिवस पुस्तक बाजूला ठेवा. आम्ही ईदच्या सामानाची यादी त्याच्याकडून लिहून घेतली. शेवया, खजूर, दूध, अत्तर. 'शिरखुर्मा'मधला रफार त्याला कोणत्याही धड्याने शिकवला नव्हता, तो त्या यादीने शिकवला.

आणि रोज पंधरा मिनिटे पुरे. रागावलेल्या आईबापाचा एक तास त्यापेक्षा कमी कामाचा.

मदत कधी घ्यावी?

हे सगळे करूनही काही मुले अडतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुले असतातच. तेही ठीक असेल आणि महिनोन्‌महिने नीट शिकवूनही अक्षर-आवाज जुळत नसतील, तर वाचन-अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया असू शकतो. 2007 च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे हा शब्द घराघरांत पोहोचला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकासारख्या सवलती मिळतात. "लोक काय म्हणतील" म्हणून तपासणी टाळू नका. मुलीच्या बाबतीत तर मुळीच नको. ती मागे पडली की "घरकाम शिकू दे" म्हणून विषय संपवला जातो, आणि पुढे कधी उघडत नाही.

अडखळणाऱ्याचा मान

आपण ज्या दीनचे आहोत, त्यात वह्यचा पहिलाच शब्द 'इक्रा' आहे, 'वाच'. हे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. पण हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली एक हदीस घरात, मुलाला वाचायला बसवताना आठवायला हवी. जो कुरआन अडखळत, कष्टाने वाचतो, त्याच्यासाठी दुहेरी अज्र आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. अडखळणाऱ्याला तिथे धपाटा नाही आणि दुसऱ्याशी तुलनाही नाही. ज्या संध्याकाळी उस्तादांनी ही हदीस आमच्या मुलाला समजावून सांगितली, त्या संध्याकाळी तो घरी येऊन म्हणाला, "अब्बा, मेरेकू डबल मिलता." आम्हा दोघांनाही त्याच्याकडे बघवेना.

आज तो पाचवीत आहे. वाचन अजून संथ आहे. मोठे जोडाक्षर आले की थांबतो, मनात हिज्जे करतो, पुढे जातो. पोटदुखी थांबली आहे. परवा दादीच्या औषधाच्या पुडीवर दवाखान्यात लिहून दिलेले 'जेवणानंतर' हा शब्द त्याने बोट ठेवून वाचून दाखवला. दादीला अक्षर अजूनही येत नाही. पण तिने त्याच्या बोटाकडे पाहिले, तोंडाकडे पाहिले आणि मान हलवली.

आपल्या घरातही संध्याकाळी एखादे मूल मोठ्याने वाचत असेल. आज त्याच्या शेजारी जाऊन बसा. आवाजावर जाऊ नका, बोट कुठे आहे ते पाहा.