नवं करडू जवळ कसं येईल?



गटाचं कर्ज काढून आपण करडू आणतो. अंगणात सोडलं की ते भिंतीला अंग लावून उभं राहतं. पाल्याला तोंड लावत नाही. हात पुढे केला की दावं ताणून मागे सरतं. आपण म्हणतो, हट्टी आहे. पण ते घाबरलेलं असतं. कालपर्यंत आई होती, कळप होता. आज टेम्पोचा प्रवास, नवा वास, नवी माणसं. त्यात आपल्या आरे-वारेच्या रस्त्याला सुट्टीच्या दिवशी गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग आणि हॉर्न.

माझ्या पहिल्या शेळीला मी कान धरून, मागचा पाय ओढून पकडायची. मला बघितलं की ती सड्यावर पळायची. पावसाळ्यात ती खंगत गेली. शेवटी दोघांनी धरून डोळा बघितला, तर पापणीची आतली बाजू पांढरी पडलेली. पोटातल्या जंतांनी रक्त शोषलं होतं. औषधाला उशीर झाला. शेळी गेली, हप्ते राहिले.

तेव्हा कळलं, शेळीचा विश्वास म्हणजे नुसते लाड नव्हेत. जी शेळी हात लावू देते, तिचाच आजार वेळेत दिसतो. निरोगी शेळीच्या पापणीची आतली बाजू लालसर असते, ती फिकट पडली की जंतांचा संशय घ्यायचा. पुढे धार काढायची, खुरं कापायची, लस टोचायची, ती झटापटीवाचून व्हायला हवी.

मग सुरुवात कशी करायची? पहिले दोन दिवस त्याला पकडायला जाऊच नका. रस्त्यापासून लांब, कोरडी, आडोशाची जागा द्या. पाणी आणि फणसाचा ताजा पाला जवळ ठेवा. रोगाच्या भीतीने नवं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं असतं, पण शेळी एकटी पडली की आणखी घाबरते. म्हणून घरच्या शेळ्या त्याला दिसतील, पण अंगाला लागणार नाहीत, असं बांधा. घरात दुसरी शेळी नसेल तर दोन करडं एकदम आणलेली बरी.

तिसऱ्या दिवसापासून रोज ठरल्या वेळी त्याच्याजवळ जाऊन खाली बसा. शेळीच्या डोळ्याची बाहुली आडवी असते. तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. समोरून चालून येऊन वर वाकणारं माणूस तिला शिकारी जनावरासारखं वाटतं. म्हणून बाजूने जा, बसा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. भाजी निवडा, हळू आवाजात बोला. दर वेळी एकच हाक मारा. पाल्याची डहाळी हातात धरा आणि त्यालाच पुढे येऊ द्या.

पाला हातातून खाल्ला की आधी मान आणि छाती खाजवा. डोक्यावरून हात आणू नका. ते मागे सरलं तर आपणही थांबायचं. तुमच्याजवळ बसून ते रवंथ करू लागलं, की समजा भीती गेली. कुणाचं आठवड्यात येतं, कुणाचं महिन्यात. पोरांना मात्र बजावून ठेवा, पाठलाग करायचा नाही. दहा दिवसांची कमाई एका पाठलागात जाते.

लवकर माया लागावी म्हणून भात, कणीक, धान्य ओंजळीने चारू नका. जास्त झालं तर पोटात आम्ल होऊन करडू दगावू शकतं.

आणखी एक. दिवस उलटूनही खात-पीत नसेल, रवंथ नसेल, हगवण किंवा नाकातून शेंबूड असेल, तर ती नुसती भीती नव्हे. पशुसखीला बोलवा किंवा १९६२ वर फोन लावा.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या केंट भागातल्या २० शेळ्यांपुढे माणसांचे हसरे आणि रागावलेले फोटो लावले होते. शेळ्या हसऱ्या चेहऱ्याकडे आधी गेल्या. म्हणजे आपला चेहरा त्यांना वाचता येतो. तेव्हा दिवसभराचा राग गोठ्याबाहेर ठेवा आणि मग आत जा.

माझी आताची शेळी हाकेला येते. दर आठवड्याला मी तिची पापणी बघते आणि ती मुकाट्याने उभी राहते.